लॅव्हरिकांच्या फलकाचा पांढरा कोपरा

मी लॅव्हरिकांच्या दारावरचा शोकफलक बोलतोय. दारावरचा म्हणायची सवय गेली नाही, एवढंच. आता बरीच वर्षं मी विंडरशॅमच्या चर्चमध्ये उत्तरेच्या भिंतीवर आहे, जिथं ऊन कधी येत नाही आणि ओल कधी जात नाही. तुम्ही खाली उभे राहून, मान वर करून माझ्याकडे बघताय. कशासाठी बघताय, कोणी पाठवलंय, मला माहीत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावर फारसा विश्वास नाही. मनाला लावून घेऊ नका. माझा कुणावरच नाही.

माझा स्वभाव असा का, ते माझ्या कामावरून कळेल. मोठ्या घरात कोणी वारलं, की त्या घराचं कुलचिन्ह फळीवर रंगवून दारावर लावायचं, ही आमच्या इंग्लंडातल्या नॉर्फक परगण्यातली रीत. चौकोन एका कोपऱ्यावर उभा करायचा, पतंगासारखा. मध्ये ढाल. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला नवऱ्याच्या घराण्याचं चिन्ह, उजव्या हाताला बायकोच्या. कुठलं चिन्ह कुणाचं, ते गावाला पाठच असतं. गाव बघतं तो ढालीच्या मागचा रंग. ज्याच्या मागे काळा, तो गेला. ज्याच्या मागे पांढरा, तो मागे राहिला.

म्हणजे दार न ठोठावता, कुणाला एक शब्द न विचारता, रस्त्यावरच्या माणसाला घरातली बातमी कळते. आणि बातमी कळली की तो लगेच शेजारच्याच्या कानाला लागतो, की आता हे घर कुणाकडे जाणार? वर्षभर दारावर टांगून हेच ऐकायचं म्हटल्यावर माझ्यासारख्याचा स्वभाव संशयी होणार नाही तर काय होणार?

माझा जन्म मिस्टर स्पिंकच्या कामाच्या छपरात झाला. स्पिंक घोडागाड्या रंगवायचा, खानावळींच्या पाट्या रंगवायचा, आणि मध्येच कुणी मोठं माणूस गेलं तर आम्हाला रंगवायचा. तोंडानं गोड आणि नजरेनं खिसे चाचपणारा माणूस. ब्रश झटकत तो जे बोलायचा त्यातलं निम्मं मी तेव्हाच सोडून द्यायचो. माझ्या खालच्या फितीवर त्यानं 'मी पुन्हा उठेन' असं लॅटिनमध्ये लिहिलं. त्याला तेवढंच लॅटिन येत होतं, त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत जो जो मेला तो तो पुन्हा उठणारच असायचा.

मला रंगवलं ते लेटिशिया लॅव्हरिक हिच्या मरणासाठी. ती ॲम्ब्रोज लॅव्हरिक यांची बायको, वेन्थम घराण्यातली. डावीकडे लॅव्हरिकांचे हिरव्या रंगावर तीन सोनेरी चंडोल, उजवीकडे वेन्थमांचा लाल रंगावर रुपेरी बुरूज. बुरुजाच्या मागे काळं, चंडोलांच्या मागे पांढरं. बायको गेली, नवरा आहे. वर्षभर मी दारावर राहिलो. वर्ष संपल्यावर फलक चर्चमध्ये न्यायचा असतो, पण ॲम्ब्रोज साहेबांनी मला चर्चमध्ये नेलं नाही. माळ्यावर, सफरचंदं पसरून ठेवायच्या जागी, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि खाली निघून गेले. का, ते कुणाला सांगितलं नाही. त्या माणसाची सांगायची सवयच नव्हती. दोन वाक्यं लागतील तिथं ते अर्ध्यात भागवायचे आणि उरलेलं समोरच्यानं समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवायचे.

पुढचं मला खालून येणाऱ्या आवाजांवरून कळलं. साहेबांची छाती धरायची म्हणून डॉक्टरांनी त्यांना समुद्राकाठी क्रोबीला पाठवलं. तिथून ते नवी बायको घेऊन परतले. तिचं नाव टॅम्सिन, माहेरचं आडनाव पास्क. बाप जहाजांसाठी दोर वळायचा. लग्न क्रोबीलाच झालं. आमच्या गावातलं एकही माणूस त्या लग्नाला नव्हतं. आणि ज्या चर्चमध्ये झालं ते पुढच्या हिवाळ्यात कड्यासकट, लग्नाच्या नोंदवहीसकट समुद्रात गेलं. आमच्या किनाऱ्याला हे नवीन नाही, समुद्र तिकडे दरवर्षी घास घेतोच. पण माळ्यावर बसून मला वाटलं, बरं सोयीनं गेलं.

साहेबांची थोरली बहीण मिस ऑगस्टा हिला तर ते फारच सोयीचं वाटलं. लग्न न केलेली, काठी टेकत चालणारी, साखरेच्या डब्याची किल्ली कमरेला लावणारी बाई. भावजयीला तिनं कधी मिसेस लॅव्हरिक म्हटलं नाही. 'पास्कांची मुलगी' म्हणायची, तेही समोरासमोर. साहेब आणि टॅम्सिन रविवारी गाडीतून चर्चला जायचे, तेव्हा ऑगस्टा चिखलातून पायी जायची. त्या गाडीत बसायचं नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

टॅम्सिनला मी पहिल्यांदा पाहिलं ते माळ्यावरच. सफरचंदं निवडायला आली होती. तिनं मला भिंतीपासून फिरवलं, बुरुजावरची धूळ एप्रनच्या टोकानं पुसली, आणि बराच वेळ बघत राहिली. मग परत भिंतीकडे तोंड करून ठेवलं, होतो तस्साच. मला तेव्हाच शंका आली. सवतीच्या मरणाची पाटी कोणी पुसतं का? हिला काहीतरी हवं असणार. मी तुम्हाला सांगितलंच आहे, मी असा आहे.

मग साहेब गेले. छातीनंच गेले. टॅम्सिननं शेवटपर्यंत केलं त्यांचं. बार्लीचं सूप ढवळताना तिची पळी भांड्यावर वाजायची ती मला माळ्यावर ऐकू यायची. शवपेटीसाठी सुतार घरात आला तसा स्पिंकही आला, आणि त्याच्यामागून जिना चढत ऑगस्टा.

"हाच घे," ती म्हणाली. "नवा कशाला? ओकची चौकट आहे, चांगली धडधाकट. पांढरं उरलंय तेवढं काळं कर."

स्पिंकनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "पण बाईसाहेब, ती खाली..."

"तुला रंगवायला बोलावलंय."

आणि त्यानं रंगवलं. चंडोलांमागचं पांढरं काळं झालं. तो रंग ओला असतानाच मला कळलं की काय झालं ते. काटकसर म्हणावी तर काटकसर. पण मला वाचा, आमच्या रीतीनं वाचा. नवरा गेला. बायको आधीच गेलेली. मागे कुणी नाही. म्हणजे खाली प्रेताशेजारी बसलेली बाई कुणाची कोणी नव्हती.

हे नुसतं मानापमानाचं नव्हतं. साहेबांनी जाताना सांगून ठेवलं होतं, की घर माझ्या बायकोचं, ती असेपर्यंत. नाव घेतलं नव्हतं. तोंड उघडायचे कष्ट त्यांनी मरतानाही वाचवले. आता ऑगस्टाचं म्हणणं सरळ होतं. बायको होती लेटिशिया, ती कधीच गेली, तेव्हा घर माझ्याकडे येतं. लग्नाचा पुरावा समुद्राच्या तळाशी. वर दारावर मी, सगळा काळा, गावाला ओरडून सांगणारा की विधवा कुणी नाहीच. वर्षभर मी तसाच राहिलो असतो आणि कुणी हरकत घेतली नसती, तर पुढं हरकत घेऊन उपयोग नव्हता. लोक म्हणाले असते, बाई, इतके दिवस याच पाटीखालून ये-जा केलीत, तेव्हा का नाही बोललात?

दफन झालं, पाहुण्यांनी हॅम आणि शेरी संपवली, आणि मला दारावर चढवलं. दुसऱ्या दिवशी मासळीवाली मिसेस गेज हेरिंगची टोपली घेऊन शेजारणीबरोबर फाटकाशी थांबली.

"सगळं काळं गं," ती म्हणाली. "म्हणजे बायको नाहीच. मग आत आहे ती कोण?"

शेजारीण हसली. "मी तर पहिल्यापासून म्हणत होते."

दार उघडलं. टॅम्सिन उंबऱ्यावर उभी होती, हात पिठानं भरलेले. तिनं सगळं ऐकलं होतं. दोर वळणाऱ्याच्या घरी कुठली आलीत कुलचिन्हं! तिला काळ्या-पांढऱ्याची भानगड ठाऊक नव्हती. रस्त्यावर उतरून तिनं मान वर केली आणि मासळीवालीलाच विचारलं, की हे कसं वाचतात ते मला सांगा. मिसेस गेजची फार पंचाईत झाली. तिनं टोपली या हातातून त्या हातात घेतली, आणि बोट दाखवून दाखवून सगळं समजावलं. शेवटी म्हणाली, "रंगवणाऱ्याचं चुकलं असेल, बाईसाहेब."

"नाही," टॅम्सिन म्हणाली. "चुकलेलं नाही."

हेरिंग घ्यायचे राहून गेले. त्या दिवसापासून गावाची वागणूक तुटक झाली. खाटीक मांस द्यायला मागच्या दारी यायचा आणि हाक मारताना नुसतं 'अहो' म्हणायचा. चर्चमध्ये लॅव्हरिकांचा राखीव बाक कठड्याचा, त्याचं छोटं दार तिच्यासाठी कोणी उघडेना. पाद्री भला माणूस, पण भल्या माणसांचाही मला संशय येतो. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, काही दिवस मागं बसलात तर बरं, उगाच चर्चा नको.

त्या रविवारी परत आल्यावर तिनं ऑगस्टाला माझ्याखालीच गाठलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की मी नऊ वर्षं या घरात कोण होते असं तुम्हाला वाटतं?

ऑगस्टानं काठीनं माझ्याकडे बोट केलं. "उजवीकडे बायकोचं चिन्ह असतं. तुझं कुठलं ते सांग, काढायला लावते. दोराचं वेटोळं काढू? की डांबराची बादली?"

टॅम्सिन वळली. आत गेली. मला वाटलं, संपलं. लबाड असती तर भांडली असती, असंही एकदा मनात आलं, पण मी ते मनात फार वेळ राहू दिलं नाही.

पण ती गप्प बसली नव्हती. तिनं स्पिंकला बोलावणं धाडलं. तो शिडी आणि रंगांची पेटी घेऊन सकाळीच हजर झाला. मला खाली उतरवून अंगणात दोन घोड्यांवर आडवं ठेवलं. घोडे म्हणजे सुताराचे लाकडी, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. ऑगस्टाही काठी टेकत बाहेर आली आणि पायरीवर उभी राहिली. आश्चर्य म्हणजे तिनं अडवलं नाही. मी लगेच सावध झालो. ही बाई अडवत नाही म्हणजे कुठंतरी सापळा आहे.

सापळा स्पिंकच्या तोंडून बाहेर आला.

"पास्क ना माहेरचं?" तो हात चोळत म्हणाला. "काळजीच नको. एसेक्समध्ये पास्क आहेत, मोठे जमीनदार. निळ्या रंगावर तीन रुपेरी मासे. फार शोभून दिसतं. बुरूज वर सरकवतो, खाली तुमचे मासे. वरती मागं काळं, खाली पांढरं. पहिली गेली, दुसरी आहे. झालं काम."

टॅम्सिननं विचारलं, "ते पास्क आमचे कोण?"

"आडनाव तेच."

"पण आमचे कोण?"

"अहो बाईसाहेब, दोनशे वर्षांमागं कोण कुणाचा होता, हे विचारतंय कोण? अर्ध्या परगण्याची चिन्हं मी अशीच शोधून दिलीत."

ऑगस्टा पायरीवर अगदी स्तब्ध उभी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मासे तिलाच हवे होते. टॅम्सिननं हो म्हणायचा अवकाश, की ऑगस्टा गावभर सांगणार होती, बघा, चिन्हसुद्धा चोरीचं, तसंच लग्नही. स्पिंकला तिनंच पढवलं होतं की त्याची ती नेहमीची सवय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मला दाट संशय आहे, एवढंच सांगू शकतो.

टॅम्सिननं खाली वाकून माझ्याकडे बघितलं, माळ्यावर बघितलं होतं तसंच. मग म्हणाली, "नको. माझ्या वडिलांना चिन्ह नव्हतं. नाही ते नाही. दुसऱ्याचं उचलून लावायचं नाही."

"मग काढू काय?"

"काही काढू नका. जागा तेवढी सोडा. रिकामी. आणि मागं पांढरं करा."

"रिकामी?" स्पिंक वैतागला. त्याची मजुरीही बुडत होती आणि मासेही. "लोक म्हणतील स्पिंकला काम पुरं करता येत नाही. तुम्ही दोघं नवराबायको म्हणजे एका माळेचे मणी. गाडीच्या दाराच्या वेळी साहेबांनीही असाच छळ मांडला होता माझा."

स्पिंकला आपण काही बोलून गेलो हेही कळलं नाही, तो रंग घोटत राहिला. पण तो काय म्हणाला ते दोघींनी ऐकलं होतं.

"कुठलं दार?" ऑगस्टानं विचारलं.

"गाडीचं. लग्न करून आले तेव्हा. जुनं दार खरवडून नवीन चिन्ह काढायला सांगितलं मला. मी म्हटलं, साहेब, बाईंच्या माहेरचं चिन्ह नाही, तर तुमचे चंडोलच पुऱ्या ढालीवर मोठे काढतो, सगळे तसंच करतात. तर म्हणाले, नाही. उजवी अर्धी बाजू माझ्या बायकोची आहे. तिथं खोटं काही काढायचं नाही, आणि माझे पक्षी तिच्या जागेत घुसवायचे नाहीत. मी म्हटलं, लोक हसतील. म्हणाले, हसू दे."

टॅम्सिन पायरीवर बसली. "मला वाटायचं त्यांना माझी लाज वाटते," ती म्हणाली. "दर रविवारी त्या दारातून चढताना ती रिकामी बाजू मला दिसायची. मला वाटायचं, दोरवाल्याची मुलगी म्हणून माझ्या बाजूला काही काढलं नाही."

"विचारायचंस की त्याला," ऑगस्टा म्हणाली.

"तुम्ही विचारलंत का कधी काही?"

त्या घरात कोणी कुणाला काही विचारत नसे, तो प्रश्न कुठून येणार! पण ऑगस्टा लगेच विरघळणारी बाई नव्हती, आणि खरं सांगतो, त्यासाठीच मला ती पहिल्यांदा थोडी आवडली. ती स्पिंककडे वळली. "हे बोलायला हिनं तुला काय दिलं?"

"अजून तरी काही नाही," स्पिंक म्हणाला, आणि त्यानं ते इतक्या दुःखानं म्हटलं की खरं असणार.

ऑगस्टानं जेबेझ गाडीवानाला गाडी बाहेर काढायला सांगितलं. घोडे न जोडता त्यानं आणि बागवानानं ती ढकलत अंगणात आणली. मी आडवा पडल्या पडल्या ते दार पाहिलं. डावीकडे माझेच तीन चंडोल, अगदी स्पिंकच्या हातचे, एकाची मान वाकडी. उजवीकडे काही नाही. पांढरी रिकामी जागा आणि तिच्याभोवती नीट ओढलेली काळी रेघ. गावात सगळे म्हणायचे, साहेब इतके चिकट की निम्म्या रंगात काम थांबवलं.

ऑगस्टानं चष्मा लावला. नऊ वर्षांत ती त्या दाराच्या इतक्या जवळ कधी गेली नव्हती. तिनं बोटाच्या नखानं रिकाम्या बाजूचा रंग खरवडून बघितला. आदल्या रात्री कोणी नवा लावलाय का, हे तिला बघायचं होतं. मीही तेच केलं असतं. रंग निघाला नाही. त्यावरचं वॉर्निश चंडोलांवरच्या वॉर्निशाइतकंच पिवळं पडलं होतं. फाटकाच्या बिजागरीनं ओढलेला एक ओरखडा चंडोलाच्या शेपटीपासून निघून थेट रिकाम्या जागेतून पलीकडे गेला होता. तो ओरखडा ज्या वर्षी पडला ते वर्ष जेबेझला आठवत होतं, कारण त्याबद्दल शिव्या त्यानंच खाल्ल्या होत्या.

ऑगस्टा त्या दाराशी पुष्कळ वेळ उभी राहिली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. ज्या गाडीकडे बघायचं नाही म्हणून ती इतकी वर्षं चिखल तुडवत गेली, त्या गाडीवर तिच्या भावानं आपली बायको कोण ते सांगून ठेवलं होतं. तिला नुसती मान वळवायची होती.

"स्पिंक," ती म्हणाली, "बुरूज वर घे. लेटिशियाचा आहे, तो पुसायचा नाही, नुसता वर घे. खालचं मिसेस लॅव्हरिक सांगतील तसं कर."

टॅम्सिननं मान वर केली. जेबेझ उगाचच चाकाची धूळ झटकायला लागला.

अशी माझी तिसरी आवृत्ती निघाली. डावीकडे चंडोल, मागं काळं. उजवीकडे वर बुरूज, मागं काळं. उजवीकडे खाली काही नाही, आणि मागं पांढरं. त्या संध्याकाळी मला परत दारावर चढवलं. मिसेस गेजनं दुसऱ्या दिवशी मला दोनदा वाचलं, मग पुढच्या दारी जाऊन कडी वाजवली आणि "मिसेस लॅव्हरिक, हेरिंग हवेत का?" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं. घराचा प्रश्न ऑगस्टानं पुन्हा काढला नाही.

आता त्या दोघी गळ्यात गळे घालून राहिल्या असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही बायकांना आणि लॅव्हरिकांना ओळखत नाही. साखरेची किल्ली ऑगस्टाच्या कमरेलाच राहिली. टॅम्सिन पुडिंगमध्ये मनुका जास्त घालते, अशी तिची तक्रार शेवटपर्यंत होती. पण रविवारी ती गाडीत बसायला लागली. चढताना त्या दाराला हात टेकायची, रिकाम्या बाजूला. आधारासाठी, असं ती म्हणायची. काठी असताना आधार कशाला लागतो, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

वर्ष झाल्यावर मला रीतीप्रमाणे या भिंतीवर आणलं. इथून मला दोघी एका बाकावर दिसायच्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलेल्या. ती जागा कुणासाठी, मी विचारलं नाही. मीही शेवटी त्याच घरचा.

वाटलं होतं, आधी ऑगस्टा जाईल. पण एका वसंतात गावात ताप आला आणि टॅम्सिन गेली. धाकटी असून गेली. शवपेटी माझ्या खालूनच नेली. मला कळत होतं आता काय होणार. तिच्या मागचं पांढरं काळं करायचं, म्हणजे ढालीवरची सगळी माणसं संपली, हिशेब पुरा. हीच रीत आहे, आणि ती खोटीही नाही.

दफनानंतर पाद्री ऑगस्टाजवळ आला. स्पिंकचा मुलगा आता काम करतो, त्याला शिडी घेऊन यायला सांगू का, असं हळूच विचारलं. ऑगस्टा बाकावर एकटीच बसली होती. तिनं काठीवर दोन्ही हात ठेवले होते आणि ती वर माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "मी एकदा तिला जिवंतपणी मारलं होतं. आता राहू दे तिला."

फलक चुकीचा दिसेल, असं पाद्री म्हणाला.

"दिसू दे," ऑगस्टा म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

त्यानंतर ऑगस्टा गेली, घर दुसऱ्यांकडे गेलं, ती गाडी कुठं मोडीत निघाली देव जाणे. दारावर फलक लावायची रीतही बंद झाली. आता माझ्याकडे येतात ते चिन्हं ओळखायचा नाद असलेले लोक. जाड पुस्तकं उघडतात, चंडोल सापडतात, बुरूज सापडतो. उजव्या खालच्या कोपऱ्याशी आले की थांबतात. कोणी म्हणतं रंग उडालाय, कोणी म्हणतं रंगवणारा अडाणी होता. परवा चर्चच्या समितीतले एक गृहस्थ कोणालातरी सांगत होते, की सफाईला काढू तेव्हा तो पांढरा कोपरा काळा करून घेऊ. बाई मेल्याला किती काळ लोटला, चूक तशीच कशाला ठेवायची?

तुम्ही त्यांचेच माणूस असाल, असा मला मघापासून संशय आहे. हातात वही आहे, गळ्यात कॅमेरा आहे, आणि त्या कोपऱ्याकडे तुम्ही जरा जास्तच वेळ बघताय. असाल तर असा. पण माझं एक ऐका. माझी धूळ पुसा, ओल काढा, चंडोलाची वाकडी मान हवी तर सरळ करा. त्या कोपऱ्याला मात्र हात लावू नका. या चर्चमध्ये टॅम्सिन लॅव्हरिक अजून जिवंत आहे, आणि तसं तिच्या नणंदेनं सांगितलेलं आहे.